गोवा दक्षिणेत येतो का, आणि दक्षिण ठरवतो कोण?

म्हापशाच्या एका पालकांचा प्रश्न आला आहे. मुलगी सहावीत, शाळेत ‘दक्षिण भारत’ या विषयावर प्रकल्प. तिने नकाशात गोवाही रंगवला, बाईंनी तो खोडून शेजारी ‘पश्चिम भारत’ असे लिहिले. इकडे वडिलांच्या कचेरीतले दिल्लीचे सहकारी गोव्याला सर्रास ‘साउथ’ म्हणतात. मग बरोबर कोण? आणि इतर देशांत दक्षिण कशी ठरवतात, असेही त्यांनी पुढे विचारले आहे.

भूगोल शिकवण्यात माझे आयुष्य गेले, तेही फोंडा तालुक्यात. त्यामुळे हा प्रश्न माझ्या अगदी उंबऱ्यातला. बाई पुस्तकाप्रमाणे बरोबर आहेत. सहकारी चुकले असे मात्र मी म्हणणार नाही. दक्षिण दिशा कुठली ते होकायंत्र सांगते, पण दक्षिण प्रदेश कुठून सुरू होतो ते सांगणारे यंत्र अजून निघालेले नाही. ती रेघ कोणीतरी, कुठेतरी बसून, कसल्यातरी कामासाठी मारलेली असते. म्हणून मुलांना मी पहिल्यांदा हेच विचारायला लावते: ही रेघ कोणाची आणि कशासाठी?

गोव्याचेच बघा. विभागीय परिषदांमध्ये गोवा पश्चिम परिषदेत, गुजरात-महाराष्ट्राच्या पंगतीला. पिनकोड 403 ने सुरू होतो आणि तो पहिला चार महाराष्ट्र-मध्य प्रदेशाकडचा. उच्च न्यायालय मुंबईचे, त्याचे खंडपीठ पर्वरीला. सांस्कृतिक केंद्र कुठले म्हणाल, तर राजस्थानातल्या उदयपूरचे. हवामान खाते आपल्याला ‘कोकण आणि गोवा’ या उपविभागात बसवते आणि देशभरच्या पावसाचा हिशेब मांडताना हा उपविभाग मध्य भारतात धरते. आता क्रिकेटकडे वळा. दुलीप करंडकात गोव्याचे खेळाडू दक्षिण विभागाकडून खेळतात, कर्नाटक-तामिळनाडूच्या पोरांबरोबर. कुळ्याहून दूधसागर चढून जाणारी गाडी दक्षिण पश्चिम रेल्वेची, तिचे मुख्यालय हुबळीला. म्हणजे एकच माणूस पत्र टाकताना पश्चिमेत, छत्री उघडताना मध्य भारतात आणि बॅट धरली की दक्षिणेत. यात विसंगती काहीच नाही. टपालवाल्यांना थैल्या वाटायच्या होत्या, क्रिकेटवाल्यांना संघ. ज्याने त्याने आपल्या सोयीने कात्री चालवली.

कात्री किती बारीक चालते ते पाहायचे तर आमच्या प्रियोळला या. 1987 मध्ये गोवा राज्य झाले तेव्हा उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे झाले आणि फोंडा तालुका उत्तरेत गेला. जानेवारी 2015 मध्ये तोच तालुका उचलून दक्षिण गोवा जिल्ह्यात घातला. एक ढेकूळ इकडचे तिकडे झाले नाही, पण आम्ही ‘साउथ गोवा’वाले झालो. त्यातही गंमत अशी की फोंडा, शिरोडा, मडकई हे मतदारसंघ लोकसभेला दक्षिण गोव्यात आहेत आणि त्याच तालुक्यातला प्रियोळ मात्र उत्तर गोव्यात. प्रियोळच्या माणसाचा जिल्हा दक्षिण, खासदार उत्तर. याच प्रियोळात मंगेशी आहे. मंगेशाचे मूळ ठाणे झुआरीच्या पलीकडे, दक्षिण तीरावर कुठ्ठाळीला, म्हणजे जुन्या कुशस्थळीत. पोर्तुगीज देवळे पाडू लागले तेव्हा 1560 मध्ये भाविकांनी देव नदीपार प्रियोळला आणला. त्या लोकांना आपण उत्तरेला चाललोय की दक्षिणेला याचे काय? पलीकडच्या काठावर राज्य कोणाचे, एवढाच सवाल होता. पुढे कित्येक पिढ्या गोव्याचे खरे दोन भाग होते ते जुन्या काबिजादी आणि नव्या काबिजादी, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेला मुलूख आणि मागाहून जिंकलेला. आजही देवळे, चर्च, बोलण्याचा हेल आणि स्वयंपाक यांतले फरक उत्तर-दक्षिण या जोडीपेक्षा या जुन्या-नव्या जोडीने जास्त नीट उलगडतात, असे माझे मत.

आणखी एक मौज नकाशावर बोट ठेवून दाखवा मुलीला. काणकोणहून दक्षिणेकडे निघा, पोळेचा तपासनाका ओलांडा, माजाळी आली की तुम्ही ‘उत्तर’ कन्नड जिल्ह्यात! गोव्याच्या दक्षिणेला उत्तर. इंग्रजांनी 1860 च्या आसपास कानडा जिल्ह्याचे दोन तुकडे केले. उत्तरेचा तुकडा 1862 मध्ये मुंबई इलाख्याला जोडला, दक्षिणेचा मद्रासकडे राहिला. ते उत्तरपण गोव्याच्या नव्हे, मंगळूरच्या हिशेबातले. आयर्लंडात याहून भारी प्रकार आहे. त्या बेटाचे सर्वांत उत्तरेचे टोक, मालिन हेड, हे ‘उत्तर आयर्लंड’मध्ये येतच नाही, ते ज्याला लोक बोलताना ‘दक्षिण’ म्हणतात त्या प्रजासत्ताकात येते.

आता सहकाऱ्यांच्या ‘साउथ’कडे येऊ. उत्तरेतल्या सत्तेच्या गादीवरून पाहिले की विंध्य-नर्मदेपलीकडचे सगळेच दक्षिण, ही नजर फार जुनी. प्रयागच्या स्तंभावर समुद्रगुप्ताने जिंकलेल्या दक्षिणापथाच्या बारा राजांची यादी आहे. तिच्यात थेट कांचीचा राजा आहे आणि कोसलचाही, म्हणजे आजच्या छत्तीसगडचा. पाटलिपुत्राहून छत्तीसगडसुद्धा दक्षिणच. पण हे नाव फक्त वरून लादलेले होते असेही नाही. नाणेघाटातल्या लेखात सातवाहन राजाला अभिमानाने दक्षिणापथाचा स्वामी म्हटले आहे, जुन्नरच्या डोक्यावर बसून. लोकांनी दिलेले नाव आपणच बिरुद म्हणून मिरवायचे, ही रीत तेव्हापासूनची.

मराठी माणसाची तर यात दोन्ही टोके आहेत. मोगलांच्या दरबारी आपण दख्खनी. काशीत घाटावर राहणारा मराठी ब्राह्मण दाक्षिणात्य. ब्राह्मणांच्या जुन्या पंचगौड-पंचद्रविड यादीत गौड म्हणजे उत्तरेचे, द्रविड म्हणजे दक्षिणेचे. तिच्यात महाराष्ट्र द्रविडांत, गुजरातसुद्धा द्रविडांत आणि ओडिशा मात्र गौडांत. त्याच यादीने गोव्यातले सारस्वत उत्तरेचे, तर त्यांच्या शेजारी राहणारे कऱ्हाडे-चित्पावन दक्षिणेचे ठरतात. मधे असतो एक गडगा. पण शिवाजी महाराज 1677 मध्ये जिंजी-वेल्लोरकडे गेले, तेव्हा त्या मोहिमेला आपण ‘दक्षिण दिग्विजय’ म्हणतो. आग्र्याहून जो स्वतः दक्षिणी, तो दक्षिण जिंकायला निघाला. आणि 1960 च्या दशकात मुंबईत ‘दाक्षिणात्य’ हटवा म्हणून आरोळ्या उठल्या, त्या उठवणारे मराठीच होते. तिकडे चेन्नईत आजही मराठी माणसाला ‘नॉर्थ इंडियन’ म्हणून मोकळे होतात. दक्षिण नेहमी आपल्या एक पाऊल पुढे असते. मुंबईकराचे तळकोकण घ्या. त्याच्या लेखी सिंधुदुर्ग म्हणजे कोकणचे दक्षिण टोक. आम्हाला सिंधुदुर्ग उत्तरेला, पेडण्याच्या पलीकडे.

इथवर वाचून कोणी म्हणेल, हे सगळे राजकारण झाले, सूर्य तरी खोटे बोलत नाही. बरोबर, पण सूर्यही गोव्यात वेगळी साक्ष देतो. युरोपात दुपारी सूर्य बारा महिने दक्षिणेलाच असतो. इटलीतल्या दक्षिण भागाचे नावच ‘मेत्सोजोर्नो’, म्हणजे मध्यान्ह. फ्रान्सच्या दक्षिणेचे ‘मिदी’, तेही तेच. ऊन म्हणजे दक्षिण हे समीकरण तिथे डोक्यात पक्के बसलेले. गोवा आहे साधारण 15 अंश उत्तर अक्षांशावर. मेच्या सुरुवातीला सूर्य आपल्या थेट डोक्यावर येतो, मग उत्तरेकडे सरकतो आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात परत डोक्यावर येऊन दक्षिणेला जातो. मधले तीन महिने भर दुपारी सूर्य आपल्या उत्तरेला. अंगणात एक मीटरची काठी ओळंब्यात उभी करा. डिसेंबरच्या शेवटी मध्यान्हीची सावली जवळजवळ 80 सेंटिमीटर पडते, उत्तरेकडे. जूनमध्ये जेमतेम 14 सेंटिमीटर, आणि तीही दक्षिणेकडे. घड्याळातल्या बाराला मोजू नका हं, आपली खरी मध्यान्ह साधारण साडेबाराला होते, कारण भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची आणि आपण 74 च्या जवळ. हा प्रयोग वर्गात करून घेणे कठीण, मेमध्ये सुट्टी आणि जूनमध्ये धो धो पाऊस. म्हणून मी तो मुलांना मेच्या सुट्टीत घरी करायला सांगते; महिनाअखेरीस सावली दहाएक सेंटिमीटरची होते, तेवढ्यात दिशा स्पष्ट कळते.

याचा घराशीही संबंध आहे. बाहेरून येऊन इथे फ्लॅट घेणारे दक्षिणमुखी दार दिसले की नाक मुरडतात, यमाची दिशा म्हणून. धनत्रयोदशीला यमासाठी दिवा दक्षिणेकडे तोंड करून लावतो तो आपणही लावतोच, झोपताना दक्षिणेकडे पाय करत नाही. पण त्याच घरात मारुती दक्षिणमुखी असेल तर अधिक जागृत मानतो! चीनमध्ये सम्राटाचे सिंहासन दक्षिणाभिमुख असे आणि घरही तसेच असलेले उत्तम, कारण हिवाळ्यात ऊन तिकडून आत येते. ऑस्ट्रेलियात घराची जाहिरात ‘उत्तरमुखी’ म्हणून होते, कारण तिथे सूर्य उत्तरेला. आणि गोव्यातल्या जुन्या घरमालकाला विचाराल तर तो यमाचे नाव काढणार नाही, नैऋत्येच्या झडीचे काढेल. त्या बाजूच्या मातीच्या भिंतीला मेअखेर माडाच्या झावळ्या बांधल्याशिवाय पूर्वी भागत नसे.

इटलीवर जरा थांबते, कारण रेघ मारल्याने काय होते ते तिथे सर्वांत उघड दिसते. 1861 मध्ये इटली एक झाली आणि लगेच उत्तरेच्या लोकांना दक्षिण हा ‘प्रश्न’ वाटू लागला: गरिबी, मलेरिया, लुटारूंच्या टोळ्या. त्यावर पुस्तकांचा ढीग पडला. दक्षिणेचे लोक स्वभावानेच आळशी, असेही काही पंडितांनी शास्त्राचा आव आणून लिहिले. विचारवंत ग्राम्शी स्वतः दक्षिणेत मोडणाऱ्या सार्डिनिया बेटाचा. त्याने 1926 मध्ये या विचाराची साले काढली: उत्तरेच्या कारखानदारांची आणि दक्षिणेच्या जमीनदारांची मिळून जी व्यवस्था आहे तिच्यात ही गरिबी आहे, माणसाच्या रक्तात नव्हे. पुढे 1950 मध्ये दक्षिणेच्या विकासासाठी सरकारने खास निधी काढला, तो 1984 पर्यंत चालला. रस्ते, पाणी, कारखान्यांना सवलती. आता सवलत मिळणार म्हटल्यावर दक्षिण व्हायला कोण नको म्हणेल? निधीची हद्द पार लात्सियो प्रांतात, रोमच्या जवळ आली. रोमला अगदी खेटून असलेले पोमेझिया त्या हद्दीत बसले आणि कारखाने नेमके तिथेच उभे राहिले, खऱ्या गरीब कालाब्रियात नव्हे. राजधानी जवळ, बाजार जवळ आणि कागदोपत्री दक्षिण. मी वर्गात हे सांगितले की एखादा तरी विद्यार्थी म्हणतोच, मॅडम, हे तर आपल्याकडच्यासारखेच. मी हसून पुढे जाते.

दक्षिण म्हणजे गरीब हा ठोकताळाही सगळीकडे चालत नाही. जर्मनीत बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेमबेर्ग ही दक्षिणेची राज्ये श्रीमंत. इंग्लंडात पैसा लंडनभोवती आग्नेयेला. चीनमध्ये तर दक्षिणेची कल्पना काळाबरोबर पार पालटली. तिथली पाठ्यपुस्तकातली रेघ चिनलिंग पर्वत आणि ह्वाय नदीवरून जाते. तिच्या उत्तरेला गहू, दक्षिणेला भात. उत्तरेच्या शहरांत हिवाळ्यात घरे तापवायची सरकारी सोय, दक्षिणेत ती नाही, मग कुडकुडत बसा. त्याच्याही खाली, टोकाचे हैनान बेट म्हणजे एके काळी काळ्या पाण्याची शिक्षा. कवी आणि मोठा अधिकारी सू शी याला 1097 मध्ये तिथे हद्दपार केले होते. आज त्याच बेटावरच्या सान्यात चिनी लोक सुट्टीला जातात, किनाऱ्यावर लोळायला. तापाची भूमी बघता बघता सुट्टीची भूमी होते. माणसे तीच, समुद्र तोच, बघणाऱ्याची गरज बदललेली.

बाकीची उदाहरणे भराभर सांगते. अमेरिकेत ‘दक्षिण’ म्हणजे फुटून निघालेली अकरा राज्ये, असे यादवी युद्धाचा इतिहास सांगतो. तिथले जनगणना खाते मात्र सोळा राज्ये आणि राजधानी धरते आणि त्यात डेलावेअर, मेरीलँडही येतात, जी फुटलीच नव्हती. कोरियात 1945 मध्ये दोन अमेरिकन अधिकाऱ्यांनी नकाशा समोर घेऊन अर्ध्याएक तासात 38 व्या अक्षांशावर रेघ ठरवली. युद्धानंतर 1953 ची रेषा तिरकी पडली, म्हणून अक्षांशाच्या दक्षिणेचे केसाँग आज उत्तर कोरियात आणि अक्षांशाच्या उत्तरेचे सोक्चो दक्षिण कोरियात. नॉर्वेची दक्षिण सर्वांत गोड. तिथला ‘सोरलांदे’ म्हणजे दक्षिण प्रदेश 1902 पर्यंत त्या नावाने कोणाला ठाऊकच नव्हता, तो पश्चिम नॉर्वेत मोजत. विल्हेल्म क्राग या लेखकाने ते नाव सुचवले आणि लोकांनी उचलले. एका लेखाने एक प्रदेश जन्माला आला.

‘ग्लोबल साउथ’ हल्ली बातम्यांत रोज असतो, त्याचेही तेच. विली ब्रांट यांच्या आयोगाच्या 1980 च्या अहवालाने श्रीमंत उत्तर आणि गरीब दक्षिण अशी रेघ दाखवली. ती वळणे घेत जगभर जाते आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडपाशी येऊन खाली वळसा घालते, त्या दोघांना उत्तरेत घ्यायला. विषुववृत्ताच्या एवढे खाली असून उत्तर! आपला सबंध भारत मात्र विषुववृत्ताच्या वर, तरी दक्षिण.

न पाहिलेल्या दक्षिणेची भीती आणि ओढ दोन्ही असते. युरोपियन लोकांनी पृथ्वीचा तोल राखायला दक्षिणेला एक मोठा खंड असलाच पाहिजे असे मानून तो नकाशात रेखाटलाही होता. इंग्रज दर्यावर्दी कुकच्या 1772 ते 1775 च्या सफरीने तसला सुपीक, वसलेला खंड नाही हे दाखवून दिले. आपल्याकडे ही जागा अगस्तीने घेतली. तो विंध्य ओलांडून दक्षिणेला गेला, विंध्य वाकून राहिला आणि ऋषी परतलेच नाहीत. उत्तरेच्या गोष्टीत तो गेला म्हणून संपते. तमिळ परंपरा त्याला आपल्या व्याकरणाचा आद्य पुरुष मानते, तिथे गोष्ट सुरू होते. आकाशातला अगस्तीचा तारा मात्र दोघांनाही दिसतो, फक्त सारखा नाही. फेब्रुवारीत रात्री नवाच्या सुमारास व्याधाच्या खाली दक्षिणेला पाहा. गोव्यातून तो क्षितिजावर बावीस अंशांपर्यंत चढतो, दिल्लीतून नऊ अंशही नाही, म्हणजे धुरक्यात आणि इमारतींत गडपच. रोममधून तो कधी उगवतच नाही. मिरामारच्या वाळूवर मुलीला घेऊन उभे राहिलात तर इमारतींचा अडथळा तरी नसेल.

आता गोव्यातल्या ‘साउथ गोवा’बद्दल एक गोष्ट, जी मला खटकते. पर्यटनाच्या जाहिरातींनी उत्तर म्हणजे कळंगुट-बागाची धमाल आणि दक्षिण म्हणजे पाळोळे-आगोंदची शांतता असे वाटे घातले आहेत. किनाऱ्यापुरते चालेल. पण मग ती शांतता माणसांना चिकटवतात: साष्टीकार, म्हणजे मडगावकडच्या साष्टी तालुक्याचा माणूस, हा सुशेगाद, निवांत, काम टाळणारा. पोर्तुगालमध्ये आलेंतेजु या दक्षिणेकडच्या प्रांतातल्या लोकांवर नेमके हेच विनोद चालतात, की ते इतके संथ की काय सांगावे. इटलीतल्या पंडितांचे वर आलेच. पहाटे रापणीचे जाळे ओढायला जाणाऱ्याला दुपारी माडाखाली आडवे झालेले पाहून जो त्याला आळशी ठरवतो, तो स्वतः दहाला उठलेला असतो. अंतर सांगायला दक्षिण शब्द वापरा, खुशाल वापरा. त्याच्याबरोबर स्वभाव सांगू लागले की मी कान टवकारते, कारण बहुतेक वेळा त्या पाठोपाठ कोणीतरी जमीन स्वस्तात मागत येतो.

प्रकल्पासाठी एवढे करा. भारताचा कोरा नकाशा चार वेळा छापून घ्या. एकावर विभागीय परिषदा रंगवा, दुसऱ्यावर पिनकोडचा पहिला आकडा, तिसऱ्यावर दुलीप करंडकाचे विभाग, चौथ्यावर हवामान खात्याचे चार भाग. चारही नकाशांत गोव्याला जाड काळी किनार करा. खाली एकेका ओळीत लिहा की ही विभागणी कोणत्या संस्थेने कोणत्या कामासाठी केली. जागा उरली तर पाचवा नकाशा फक्त गोव्याचा, त्यात फोंडा तालुका 2015 आधी आणि नंतर. बाई समजूतदार असतील तर हा प्रकल्प भिंतीवर लागेल. परीक्षेत मात्र ‘गोवा भारताच्या कोणत्या भागात?’ असे आले तर गुपचूप ‘पश्चिम’ लिहावे. तिथे पेपर तपासणाऱ्याची रेघ चालते.